टीव्हीवर दिसल्याशिवाय पॉप स्टार होता येत होतं का?

अँटेना (धागाकर्ता)

सध्या रात्री जुन्या म्युझिक शोंचे तुकडे बघायचा नाद लागलाय आणि त्यातून एक विचार पक्का होत चाललाय, तो इथे मांडतो, पटत नसेल तर बिनधास्त खोडा. पॉप गायकांबद्दल आपण आवाज, चाल, अल्बम, कंपनी सगळं बोलतो, पण टीव्हीचा विषय निघाला की "हो, त्याने प्रसिद्धी मिळाली" एवढ्यावर गाडी थांबते. मला वाटतं पॉप गायक म्हणजे दिसायला वागायला कसा असावा हेच मुळात टीव्हीने ठरवलं. तीन मिनिटांचं गाणं रेकॉर्ड आणि रेडिओमुळे आलं हे मान्य, पण कॅमेऱ्यात बघून गाणं, लक्षात राहील अशी एखादी स्टेप, केस, कपडे, हे सगळं पडद्यासाठी आहे.

एल्विस घ्या. १९५६ च्या जानेवारीत तो पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर आला, 'स्टेज शो' नावाच्या कार्यक्रमात, मग मिल्टन बर्ल, मग स्टीव्ह अ‍ॅलन. सगळ्यात गाजलेल्या शोचा निवेदक एड सलिव्हन आधी त्याला बोलवायला तयारच नव्हता, पण अ‍ॅलनच्या शोला एल्विसमुळे सलिव्हनपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले आणि लगेच सलिव्हनने तीन कार्यक्रमांसाठी ५० हजार डॉलर मोजले. ९ सप्टेंबर १९५६ ला साधारण ६ कोटी लोकांनी बघितलं, त्या वेळी टीव्ही लावून बसलेल्यांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त. आणि १९५७ च्या जानेवारीत तिसऱ्या कार्यक्रमात त्याला कमरेच्या वरच दाखवलं! आवाज तर तोच होता ना, रेडिओवर वाजत होताच, पण घराघरात वाद पेटला तो कंबर हलण्यावरून आणि ती कंबर रेडिओ दाखवू शकत नव्हता.

दुसरं उदाहरण ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं. जुलै १९७२, 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा दर आठवड्याचा चार्टमधल्या गाण्यांचा शो, गाणं 'स्टारमॅन'. गिटारिस्टच्या खांद्यावर हात टाकतो, थेट कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. पुढे बँड काढलेल्या कितीतरी ब्रिटिश मंडळींनी सांगितलंय की त्या रात्री ते पाहिलं आणि ठरवलं. साडेतीन चार मिनिटांचा मामला.

तर प्रश्न असा, की टीव्ही पूर्ण टाळून मोठा झालेला पॉप स्टार कोणी सांगू शकेल का?

जुनी_कॅसेट

धागा आवडला पण टीव्हीला जरा जास्तच श्रेय देताय असं वाटतं. सगळे बीटल्सचं उदाहरण देतात, ९ फेब्रुवारी १९६४, सलिव्हन शो, ७ कोटी ३० लाख प्रेक्षक, आणि एका रात्रीत अमेरिका जिंकली. पण त्यांचं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' १ फेब्रुवारीलाच बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या चार्टवर, पहिल्या नंबरला पोचलेलं होतं, म्हणजे शोच्या आठवडाभर आधी! कॅपिटल ह्या रेकॉर्ड कंपनीने आधीची त्यांची सिंगल्स (एकेका गाण्याच्या रेकॉर्ड) नाकारली होती, ह्या वेळी मात्र प्रचारावर दणकून पैसा लावला आणि रेकॉर्ड जानेवारीत येणार होती ती २६ डिसेंबरलाच बाजारात आणली, कारण वॉशिंग्टनच्या एका रेडिओ स्टेशनने इंग्लंडहून मागवलेली प्रत वाजवायला सुरुवात केली होती आणि लोक वेडे झाले होते. म्हणजे रेडिओने पेटवलं, टीव्हीने फक्त त्यावर तूप ओतलं.

निळावंती

@जुनी_कॅसेट, बरोबर सांगताय पण एक पाऊल अजून मागे जा. त्या रेडिओ स्टेशनला ती रेकॉर्ड मागवा असं पत्र एका शाळकरी मुलीने लिहिलं होतं, आणि तिला बीटल्स कुठे दिसले? सीबीएस ह्या अमेरिकन चॅनेलच्या संध्याकाळच्या बातम्यांत, १० डिसेंबर १९६३ ला. इंग्लंडमध्ये पोरी कशा किंचाळतायत यावरची ती बातमी होती. म्हणजे टीव्हीवर बातमी, मग पत्र, मग रेडिओ, मग रेकॉर्ड, मग परत टीव्ही. कोणी कोणाला मोठं केलं हे सुटं करताच येत नाही. पण पहिली ठिणगी चित्र बघूनच पडलीये.

जुनी_कॅसेट

ही साखळी मान्य. पण मग त्यात प्रत्येक कडी लागते हेही मान्य करा. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं आणि सकाळी दुकानात रेकॉर्डच नाही, तर काय उपयोग? सलिव्हनच्या आधी कॅपिटलने माल भरून ठेवला होता म्हणून ते जमलं.

मुशाफिर

टीव्ही टाळलेले: लेड झेपलिन. ब्रिटनमध्ये सिंगल काढायचे नाहीत, टीव्हीवर जवळजवळ यायचेच नाहीत, तरी अल्बम पहिल्या नंबरला. आणि द क्लॅश, ते तत्त्व म्हणून 'टॉप ऑफ द पॉप्स'वर कधीच गेले नाहीत.

अँटेना

@मुशाफिर, दोन्ही छान, पण दोन्ही रॉक. त्यांचा धंदा अल्बम आणि दौऱ्यांवर चालायचा. पॉप सिंगलवर चालतो, आणि सिंगल त्या आठवड्यात विकलं गेलं नाही तर संपलं. आणि क्लॅशची गंमत बघा, १९८० ला त्यांचं 'बँकरॉबर' चार्टवर चढलं, बँड येणार नाही म्हटल्यावर शोने काय केलं, तर लेग्ज अँड को हा त्यांचा डान्स ग्रुप त्या गाण्यावर नाचवला. कलाकार नाही तर नाही, पण गाण्याला चित्र पाहिजेच. माझा मुद्दा नेमका हाच आहे.

षड्ज

'टॉप ऑफ द पॉप्स'चा विषय निघालाच आहे तर त्याचे नियम माहीत असायला हवेत, कारण सगळी मेख तिथे आहे. १ जानेवारी १९६४ पासून ३० जुलै २००६ पर्यंत तो शो चालला. चार्टवर खाली घसरणारं गाणं घ्यायचं नाही, पहिल्या नंबरचं सोडून तेच गाणं लागोपाठ दोन आठवडे नाही, आणि शेवट पहिल्या नंबरनेच. म्हणजे गाणं थोडं वर आलं की शोमध्ये, शोमध्ये आलं की शनिवारी खप वाढला, खप वाढला की अजून वर. म्हणून रेकॉर्ड कंपन्यांकडे प्लगर नावाची माणसं असायची ज्यांचं काम एकच, निर्मात्यांच्या मागे लागून आपलं गाणं शोमध्ये घुसवायचं. गाणं चाळीसाव्यावरून तिसाव्यावर नेण्यात जेवढी धडपड असायची तेवढी तिसाव्यावरून पहिल्यावर नेण्यात नसायची, कारण पुढचं काम टीव्ही करायचा.

आणि जिथे एवढी ताकद एका दाराशी गोळा होते तिथे पैसा येणारच. अमेरिकेतला 'अमेरिकन बँडस्टँड' हा गाण्यांचा शो ऑगस्ट १९५७ पासून एबीसीवर देशभर दिसायला लागला, डिक क्लार्क निवेदक, आणि ह्याच क्लार्कचे संगीत प्रकाशन, रेकॉर्ड कंपन्या वगैरेंमध्ये हिस्से होते. ज्या गाण्याच्या कमाईत आपला वाटा, तेच गाणं आपल्याच शोमध्ये! १९५९-६० ला पेओलाची (गाणं वाजवण्यासाठी लाच घेण्याची) चौकशी झाली तेव्हा चॅनेलने त्याला हे सगळं सोडायला लावलं. त्याची कारकीर्द वाचली, पण अ‍ॅलन फ्रीड ह्या रेडिओवाल्याची संपली.

त्यामुळे "टीव्हीने गायक घडवले" ह्या वाक्याची मला चीड येते. टीव्ही ही वस्तू आहे. दारावर माणसं उभी होती आणि कोणाला आत सोडायचं ते माणसं ठरवत होती.

निळावंती

षड्ज यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. आणि दारावरच्या माणसांबद्दल बोलायचं तर एमटीव्ही शिवाय पुढे जाताच येत नाही.

१ ऑगस्ट १९८१ ला चॅनेल सुरू झालं. चोवीस तास व्हिडिओ दाखवायचे पण व्हिडिओ आहेत कुठे? अमेरिकन कंपन्यांकडे फारसे नव्हते. ब्रिटिश बँडकडे होते, कारण तिकडे टीव्ही शोंना पाठवायला प्रमोशनल फिल्म करायची पद्धत आधीपासूनची (१९७५ ला क्वीनने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा केला तो अशाच कारणाने). मग ड्युरान ड्युरानसारखे बँड, श्रीलंकेत जाऊन शूट केलेले व्हिडिओ वगैरे, अमेरिकेत दिवसरात्र दिसायला लागले आणि जिथे केबलवर हे चॅनेल होतं तिथल्या दुकानांत लोक अशा बँडच्या रेकॉर्ड मागायला लागले जे त्यांच्या रेडिओवर वाजतच नव्हते. ही टीव्हीची शुद्ध ताकद, मध्ये रेडिओ नाही.

पण त्याच चॅनेलवर काळे कलाकार जवळजवळ नव्हते. रिक जेम्सचा 'सुपर फ्रीक' नाकारला, तो जाहीरपणे बोलला. १९८३ ला डेव्हिड बोवी एमटीव्हीच्याच मुलाखतीत बसून त्यांच्या निवेदकालाच विचारतो की इथे काळे कलाकार इतके कमी का दिसतात, आणि तो निवेदक छोट्या गावांतल्या प्रेक्षकांचं कारण देतो. ती क्लिप जरूर बघा, बोवी एकदाही आवाज चढवत नाही पण सोडतही नाही. मग त्याच वर्षी मार्चमध्ये 'बिली जीन' दाखवायला लागले. आणि इथे जुनी_कॅसेट यांचा मुद्दा परत लागू पडतो, गाणं तोवर पहिल्या नंबरला पोचलेलं होतं! मायकल जॅक्सनला दार उघडून चॅनेलने उपकार केले असं जे सांगितलं जातं ते मला अजिबात मान्य नाही. ज्याच्याशिवाय चॅनेलला राहणं अवघड झालं होतं त्याला त्यांनी घेतलं. मे महिन्यात एनबीसीवर 'मोटाऊन २५' हा मोटाऊन रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम दाखवला, त्यात जॅक्सनचा मूनवॉक, आणि त्यानंतर प्रश्नच मिटला.

हे होईपर्यंत काळ्या कलाकारांना कुठे जागा होती? 'सोल ट्रेन' ह्या गाण्यानाचाच्या शोवर. डॉन कॉर्नेलियसने १९७० ला शिकागोत एका लोकल स्टेशनवर सुरू केला, पुढच्या वर्षी इतर शहरांत पोचला आणि २००६ पर्यंत चालला. कोणी दार उघडेना म्हणून स्वतःचं घर बांधलं त्या माणसाने. त्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोमल_निषाद

मला दिसण्याबद्दल बोलायचंय. मार्था वॉश हे नाव किती जणांना माहीत आहे? आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलाय. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं 'गोना मेक यू स्वेट' गाणं, "एव्हरीबडी डान्स नाऊ" असं जे आभाळ फाडून येतं ना, तो आवाज तिचा. व्हिडिओत ओठ हलवतेय दुसरीच बारीक अंगाची गायिका. ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन ग्रुपनेही तिच्या आवाजावर एका मॉडेलला उभं केलं. मार्था अंगाने जाड होती, बस्स, एवढंच कारण. गाणं पहिल्या नंबरला जातंय, व्हिडिओ सतत लागतोय, आणि जिने गायलंय तिला श्रेय नाही.

तिने कोर्टात खेचलं. १९९४ ला तडजोड झाली आणि सोनीला एमटीव्हीकडे विनंती करावी लागली की व्हिडिओवर आवाज कोणाचा हे लिहा. रेकॉर्डवर ज्याने गायलं त्याचं नाव द्यायचं ही साधी गोष्ट, त्यासाठी एका बाईला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मिली व्हनिली ह्या जोडीचं सगळ्यांना माहीत असतं, दुसऱ्यांच्या आवाजावर नुसते ओठ हलवले म्हणून ग्रॅमी काढून घेतला वगैरे (१९९० ला), त्या दोघांना जगभर नावं ठेवली, पण ज्या निर्मात्याने ते सगळं रचलं तो तसा सुखरूपच राहिला, आणि ज्यांनी खरं गायलं होतं त्यांची आठवण कोणी काढली?

अँटेना यांनी पॉप गायक कसा दिसावा हे टीव्हीने ठरवलं असं लिहिलंय ते मी पूर्ण मानते. फक्त त्याची किंमत कोणी दिली हेही धाग्यात असायला पाहिजे म्हणून एवढं लिहिलं.

अँटेना

@कोमल_निषाद ताई, हे मला माहीत नव्हतं, लिहिलंत फार बरं केलंत.

षड्ज

अजून एक पैशाचा मुद्दा राहिला. तो महागडा व्हिडिओ कंपनी करते असं वाटतं, पण बहुतेक करारांत त्याचा निम्मा किंवा सगळा खर्च पुढे कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता करून घेतात. चॅनेलला व्हिडिओ आयता मिळतो, जाहिरातीचे पैसे चॅनेलला, आणि बिल फाडलं जातं गायकाच्या नावावर.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं टीव्ही स्टुडिओत साउंडवर होतो त्यामुळे लिप-सिंकबद्दल (आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याबद्दल) थोडं. लोक लगेच "फसवणूक" म्हणतात पण त्यामागची अडचण समजून घ्या. एका शोमध्ये सात आठ ग्रुप, प्रत्येकाचं ड्रम, अ‍ॅम्प, माइक बदलायचे, साउंडचेकला मिनिटं मोजून मिळणार, आणि घरातल्या टीव्हीचा स्पीकर हाताच्या पंजाएवढा. ट्रॅक लावला की सगळं सोपं. शिवाय डायरेक्टरला आधीच ठरवायचं असतं कोणत्या ओळीला क्लोजअप, कोणत्या ओळीला वरून शॉट, गायकाने गाणं थोडं जरी लांबवलं तर सगळा कॅमेरा प्लॅन कोसळतो. ट्रॅकवर गाणं दर वेळी सेकंदाला सेकंद तेवढंच. मधला मार्ग म्हणजे वाद्यं ट्रॅकवर आणि गळा लाइव्ह, तो चांगल्या गायकाला जमतो, पण नाचत नाचत तेवढा श्वास टिकवणारे फार थोडे बघितले.

जे लाइव्ह गायचे त्यांना मात्र टीव्हीने वेगळंच काहीतरी दिलं. १९८९ ला एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' सुरू झालं त्यात सगळा झगमगाट काढून टाकला आणि क्लॅप्टन, निर्वाणा ह्यांचे ते कार्यक्रम पुढे अल्बम म्हणून इतके चालले की विचारू नका. पडदा गळ्याला मारक असतोच असं काही नाही. मांडणी कोण करतंय त्यावर आहे.

मुशाफिर

इंडीपॉपबद्दल (आपल्याकडच्या सिनेमाबाहेरच्या पॉपबद्दल) कोणीच कसं बोललं नाही अजून? टीव्हीने चढवलं आणि टीव्हीनेच उतरवलं, ह्याहून चोख उदाहरण नाही.

जुनी_कॅसेट

वाटच बघत होतो. भारतात सिनेमाबाहेरच्या पॉपला चेहरा मिळाला तो सॅटेलाइट चॅनेल आल्यावर. स्टार टीव्हीवर एमटीव्ही आलं १९९१ ला, १९९४ ला ते वेगळे झाले आणि स्टारने चॅनेल व्ही काढलं, मग १९९६ ला एमटीव्ही इंडिया. ह्या चॅनेलांना देशी व्हिडिओ पाहिजे होते आणि कंपन्यांना सिनेमाच्या हिरोहिरॉइनशिवाय विकता येईल असा चेहरा. १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', मिलिंद सोमण त्या पेटीतून बाहेर येतो तो व्हिडिओ लोकांना आजही आठवतो. त्याच वर्षी दलेर मेहंदी. १९९६ ला लकी अली, इजिप्तमध्ये शूट केलेला 'ओ सनम'. तोवर हिंदी गाणं म्हटलं की पडद्यावर ओठ नटाचे आणि गळा दुसऱ्याचा, गायक दिसायचाच नाही. इथे पहिल्यांदा गाणारा माणूस स्वतः समोर उभा राहिला, हे मला त्या काळाचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आणि मग सिनेमावाल्यांना कळलं की गाणं हीच सिनेमाची जाहिरात. मोठे स्टार, मोठा सेट, तयार व्हिडिओ, चॅनेलच्या दारात आयता. त्यांच्यापुढे एकट्या गायकाचा छोट्या बजेटचा व्हिडिओ कुठे टिकणार? वर एमपीथ्रीने कॅसेट सीडीचा धंदा बसवला, म्हणजे व्हिडिओवर खर्च करायला कंपन्यांकडे कारणच उरलं नाही. मग चॅनेलं पण हळूहळू रिअ‍ॅलिटी शोंकडे वळली. आवाज तेच होते, लोक तेच होते, चॅनेलवरची वेळ मात्र दुसऱ्याला विकली गेली. लकी अलीसारखा माणूस आजही मैफलीत उभा राहिला की नवी पोरं शब्द न शब्द गातात, मग "इंडीपॉप लोकांना नको होतं" हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

कोमल_निषाद

रिअ‍ॅलिटी शोंनी तर गायक टीव्हीसमोरच जन्माला घातला. २००२ ला केली क्लार्कसन 'अमेरिकन आयडॉल' जिंकली आणि तिचं गाणं बिलबोर्डवर बावन्नाव्या नंबरवरून थेट पहिल्यावर! पण मला वाटतं ते शो निवड कमी आणि गोष्ट जास्त सांगतात. आई आजारी, छोटं गाव, पहिलं स्टेज. म्हणून प्रेक्षक माणसाच्या प्रेमात पडतो, गाण्याच्या नाही, आणि पुढच्या सीझनला नवा माणूस येतो. जेनिफर हडसन २००४ च्या सीझनला सातव्या नंबरवर बाहेर पडली आणि नंतर ऑस्कर घेऊन गेली. वन डायरेक्शन 'एक्स फॅक्टर'ला तिसरे.

षड्ज

शिवाय करार आधीच सही करून घेतलेले असतात, जिंकण्याच्या आधी, स्पर्धक म्हणून आत येतानाच. मॅनेजमेंट, रेकॉर्डिंग, सगळ्यावर शोवाल्यांचा पहिला हक्क. विशीही न ओलांडलेल्या मुलामुलींच्या सह्या, स्वतःचा वकील नाही, पाठीमागे कोट्यवधी प्रेक्षकांचं दडपण. मत तुमचं, करार त्यांचा.

निळावंती

आणि मत तरी तुमचं असतं का? कोरियातला 'प्रोड्यूस' शो बघा, प्रेक्षकांच्या मतांनी ग्रुप निवडायचा. २०१९ ला उघडकीला आलं की मतांचे आकडे निर्मात्यांनीच फिरवले होते. त्या शोमधून निवडलेला एक्स१ ग्रुप २०२० च्या जानेवारीत बंद झाला, निर्माते तुरुंगात गेले. ज्या पोरांची मतं खरी होती पण जागा दुसऱ्याला गेली त्यांची उमेदीची वर्षं कोण परत देणार?

त्याच देशात १९९२ ला सो तेजी अँड बॉईज हा ग्रुप टीव्हीवरच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आले तेव्हा परीक्षकांनी त्यांना सगळ्यात कमी गुण दिले होते. प्रेक्षकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं आणि कोरियन पॉपची दिशाच बदलली. परीक्षकांचं मत काही असो, ते दिसले होते, आणि तेवढं पुरलं. म्हणून मी टीव्हीवर कितीही चिडले तरी त्याला पूर्ण मोडीत काढू शकत नाही.

अँटेना

ह्या वाक्यावर मी पण थांबलो. आता मोबाइलवर सगळ्यांना सगळं दिसतं, दारवाला नाही म्हणतात, पण प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळं गाणं, त्यामुळे आजी आणि नात एकाच गायकावरून भांडतायत असं आता क्वचित होतं. अपवाद म्हणजे २०२२ ला एका मालिकेत केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' वापरलं आणि ३७ वर्षांनी ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेलं. पडद्याची ताकद संपलेली नाही, फक्त शोचं रूप बदललंय. दुसरा अपवाद सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा) हाफटाइम, म्हणजे मध्यंतरातला गाण्याचा कार्यक्रम, तिथे गायकाला मानधन देत नाहीत, निर्मितीचा खर्च करतात, तरी रांग असते.

कोमल_निषाद

हाफटाइम म्हटलं की मला जेनेट जॅक्सनच आठवते. २००४, जस्टिन टिम्बरलेकच्या हातून तिचा कपडा फाटून छाती उघडी पडली, दोघं एकाच स्टेजवर होते. पुढच्याच रविवारी त्याच सीबीएसवर ग्रॅमी सोहळा होता. जस्टिन आला, माफी मागितली, पुरस्कार घेऊन गेला. जेनेट तिथे नव्हतीच. त्यानंतर तिची गाणी पडद्यावरून कशी गायब झाली हे ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना माहीत आहे. आणि २०१८ ला हाफटाइमला परत बोलावलं ते जस्टिनला.

मुशाफिर

जेनेटवर वेगळा धागा काढा ताई, तिच्या 'ऱ्हिदम नेशन' अल्बमपासून सुरू करा. तिच्या व्हिडिओंनी नाचाचं काय केलं त्यावर माझ्याकडेही बरंच लिहिण्यासारखं आहे.

कोमल_निषाद

काढते. रविवारपर्यंत टाकते.